आत्याचा पिन पाच जणांना ठाऊक आहे

माझी आत्या ७६ वर्षांची आहे. गंगाखेडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात ती एकटी राहते. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये आणि किसान सन्मानाचा चार महिन्यांनी येणारा २,००० रुपयांचा हप्ता, एवढ्यावर तिचे औषधपाणी आणि वरखर्च भागतो. तिच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात वहीच्या कागदाचा एक चिटोरा घडी करून ठेवलेला आहे आणि त्यावर नातवाच्या अक्षरात चार आकडे लिहिलेले आहेत. तो तिच्या एटीएम कार्डाचा पिन आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे दर खेपेला ती कार्ड आणि चिटोरा रांगेतल्या एखाद्या बऱ्या दिसणाऱ्या पोराच्या हाती देते आणि "लेकरा, तेवढे पैसे काढून दे," म्हणते.

गेल्या वर्षभरात हा पिन कोणाकोणाच्या हाती गेला, याचा हिशेब मी परवा तिच्याजवळ बसून केला. एक तिचा नातू, जो आता चाकणला कंपनीत कामाला आहे. दुसरा गावातला किराणा दुकानदार. तिसरा एटीएमबाहेर बसणारा पहारेकरी, जो आता तिथे नाही. आणि रांगेतली दोन मुले, ज्यांची नावेही तिला ठाऊक नाहीत. हे पाच जण म्हणजे तिला आठवतात तेवढेच.

आता नियम काय सांगतो ते पाहा. बँकेचा संदेश दर आठवड्याला तिच्या मोबाइलवर येतो की पिन कोणालाही सांगू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने पिन दुसऱ्याला सांगितला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाने सोसायचे असते. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु जिला आकडे वाचता येत नाहीत, तिला काउंटरवरून उठवून यंत्राकडे पाठवले, तर पिन दुसऱ्याला सांगितल्यावाचून तिचे पैसे निघणार कसे? बँक तिला चूक करायला भाग पाडते आणि त्या चुकीची किंमतही तिच्याच माथी मारते. ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्यासोबत शाखेत गेलो होतो. तिने बोकड विकला होता आणि त्याचे ९,००० रुपये खात्यावर टाकायचे होते. पूर्वी ज्या खिडकीवर भरणा होत असे ती आता बंद आहे आणि तिच्यावर कागद चिकटवला आहे की २०,००० रुपयांच्या आतली रक्कम बाहेरच्या यंत्रातच भरावी आणि यंत्रातूनच काढावी. आम्ही बाहेर आलो. आत्याने पदराची गाठ सोडली. त्या नोटा चार दिवस तिच्या गाठीत होत्या, मऊ पडल्या होत्या आणि घडीवर घडी बसल्याने त्यांना वाकण आले होते. यंत्राने आधी भाषा विचारली, मग खाते क्रमांक विचारला, मग झडप उघडली, नोटा आत ओढल्या, खडखडाट केला आणि अठरांपैकी सात नोटा परत दिल्या. आम्ही त्या सात नोटा सरळ करून पुन्हा टाकल्या, तेव्हा त्यांतल्या तीन परत आल्या. आत्या खाली पायरीवर बसली आणि एकेक नोट गुडघ्यावर ठेवून तळहाताने दाबू लागली. मागे रांगेत सात-आठ माणसे उभी होती. "खोट्या हायेत का रे बाबा नोटा?" असे तिने मला हळूच विचारले. व्यापाऱ्याने आपल्याला फसवले की काय, या शंकेने तिचा चेहरा उतरला होता. नोटा खऱ्या होत्या. कॅशियरच्या हातात गेल्या असत्या तर त्याने त्या बोटांनी सरळ करून, मोजून, मिनिटभरात पेटीत टाकल्या असत्या. शेवटी १,५०० रुपये पुन्हा पदराच्या गाठीत बांधून ती घरी गेली.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे खाते हैदराबाद बँकेत होते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. १९४१ साली निजामाच्या राज्यात सुरू झालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. (आत्याचे खाते निराळ्या बँकेत आहे. तिचे नाव मी घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हा अनुभव सगळीकडचाच आहे.) पगाराच्या दिवशी वडील मला सोबत नेत. पितळी टोकन हातात घेऊन मी बाकावर बसे आणि समोर काय चालले आहे ते पाहत राही. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांची हेटाळणी होई, त्या माणसांचे पैसे काढण्याची रीत मला आजही आठवते. खातेदाराने स्वतः पासबुक घेऊन यायचे, कारकुनाने त्याची स्लिप भरून द्यायची, शाईचा अंगठा घ्यायचा, फोटोवरून चेहरा ताडून पाहायचा आणि मगच रक्कम हाती ठेवायची. कॅशियर ती मोठ्याने मोजून दाखवी आणि "बरोबर हाय ना काका?" असे विचारी. निरक्षर माणसाचा पैसा दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, यासाठी बँकेनेच घातलेली ती काळजी होती. आज त्याच माणसाच्या हाती कार्ड देऊन त्याला रस्त्यावरच्या खोलीत एकटे सोडले जाते.

म्हणून यंत्र आले आणि माणूस गेला, असे जे म्हटले जाते ते मला अपुरे वाटते. आत्याच्या व्यवहारात आजही माणूस आहेच. पूर्वी तो बँकेचा नोकर होता, त्याची सही रजिस्टरमध्ये होती आणि पैसे कमी भरले तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. आता तो रांगेतला अनोळखी मुलगा आहे. बहुतेक मुले भली असतात आणि मी त्यांचा ऋणी आहे. पण बँकेचे काम फुकट करणाऱ्या आणि कशालाही बांधील नसलेल्या मुलाच्या भलेपणावर एका म्हातारीची सगळी शिल्लक अवलंबून असावी, हे मला मान्य नाही.

यंत्र चुकले म्हणजे काय होते, तेही सांगतो. दिवाळीच्या आधी तिने दोन महिन्यांचे ३,००० रुपये काढायला लावले. खात्यातून पैसे वजा झाले, पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत. आतल्या टेबलावर विचारले तर ऑनलाइन तक्रार करा असे सांगण्यात आले. ती एसटीने दोन हेलपाटे घालून आली आणि तिसऱ्या वेळी तिने मला फोन केला. पैसे बाराव्या दिवशी जमा झाले. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक असे आहे की एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता त्याच्या खात्यात पडली पाहिजे. आत्याचे ७०० रुपये होतात. ते आजतागायत आलेले नाहीत आणि शाखेतल्या कोणीही तिला त्याविषयी सांगितले नाही. पासबुक छापणारे यंत्र दीड महिन्यापासून बंद असल्यामुळे पैसे आले की नाही हे स्वतः पाहण्याची सोयही तिला नाही.

गावातले ग्राहक सेवा केंद्र हा मार्ग आहे, असे कोणी म्हणेल. तिथे अंगठा लावावा लागतो. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आणि खुरपे धरलेल्या हातांच्या रेषा पुसून गेल्या आहेत. तीन-तीनदा हात धुऊन, पुसून, दाबूनही तिचा अंगठा उठत नाही.

यंत्रांना माझा विरोध नाही. रात्री दहा वाजता दवाखान्यात पैसे लागले तर एटीएमच कामी येते आणि मी स्वतः भाजीसुद्धा मोबाइलवरून पैसे देऊन घेतो. शाखेतल्या कर्मचाऱ्यांवरही माझा राग नाही. जिथे आठ जण होते तिथे आता तिघे आहेत, त्यातला एक कर्जाच्या फायलींत बुडालेला आणि दुसऱ्याच्या डोक्यावर विम्याचे टार्गेट. खिडकी बंद करण्याचा निर्णय त्या पोरांनी घेतलेला नाही.

पण ज्यांनी तो घेतला त्यांना हे दाखवून द्यावे लागेल की त्यांच्यावर काही बंधने आहेत. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले आहे की ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि दिव्यांगांसाठी सहज ओळखू येईल असा स्वतंत्र काउंटर, किंवा त्यांना अग्रक्रम देणारा काउंटर, शाखेत असला पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच रोख रक्कम देण्या-घेण्याची सोय करण्याविषयीही त्यातच सांगितले आहे. आमच्या शाखेत असा काउंटर मी शोधला. सापडला नाही. घरपोच सेवेविषयी विचारले तेव्हा समोरच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, ते शहरात असेल, इथं कोण येणार?"

मी शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला आहे. सत्तरीपुढच्या आणि निरक्षर खातेदारांसाठी भरण्याची आणि पैसे काढण्याची एक खिडकी रोज, कितीही लहान रकमेसाठी, उघडी ठेवावी. स्लिप भरून देण्यासाठी एक माणूस नेमावा. पासबुकाचे यंत्र बंद असेल तेव्हा नोंदी आत करून द्याव्यात. आत्याचे ७०० रुपये जमा करावेत. अर्जाची पोच घेणार आहे आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार आहे. एकात्मिक लोकपाल योजनेत ती वाट आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

अर्जावर पहिला अंगठा आत्याचा आहे. शाईचा. तो कागदावर स्वच्छ उठला. गंगाखेड परिसरात ज्यांच्या घरी अशी आई, आजी, काका असतील त्यांनी येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला त्यांना घेऊन शाखेच्या दारात यावे. स्टॅम्प पॅड मी आणतो.