‘माझा आठवडा’ लिहून देण्याची कला

मूल तिसरीत गेलं की पालकांना एक नवी वही मिळते. तिच्यावर नाव मुलाचं असतं, पण तिकडे लक्ष देऊ नका. दर सोमवारी ‘माझा आठवडा’ या मथळ्याखाली दहा ओळी द्यायच्या असतात: शाळेत काय झालं, आजूबाजूला काय पाहिलं, त्यातून काय वाटलं. ही वही रविवारी रात्री साडेनऊच्या आत दप्तरातून बाहेर आल्याचं पुण्यात अजून कुणी पाहिलेलं नाही. मी वर्षभर लिहितेय, हात चांगला बसलाय, तेव्हा नव्या पालकांसाठी चार सूचना.

सगळ्यात महत्त्वाची ही की, आठवड्यात काय झालं हे मुलाला विचारू नका. मी सुरुवातीला हा मूर्खपणा केला. कन्येचं उत्तर असं: सोमवारी काही नाही. मंगळवारी बाकाखाली मुंगळा होता, त्याचा एक पाय तुटला होता. बुधवारी तोच मुंगळा. गुरुवारी मैत्रिणीने डब्यात गुळांबा आणला, पण दिला नाही. शुक्रवारी मुंगळा नव्हता. आता यातून दहा ओळी कशा काढायच्या? ‘काय वाटलं’ म्हणून खोदून विचारलं तर म्हणाली, ‘झाडणाऱ्या मावशींनी काढला असेल.’ हे काय वाटणं झालं? मी लिहिलं, ‘या आठवड्यात मी भूतदया शिकले.’ बाईंनी लाल शाईत ‘छान’ दिलं. या ‘छान’ची चटक लागते, आधीच सांगून ठेवते.

शाळा सुरू झाल्यावरचे पहिले आठवडे सुगीचे. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते. मुलाला जरूर न्या, पण पोचल्या पोचल्या फोटो उरकून घ्या. नंतर मूल हाताला लागत नाही. आमचं एका वारकरी आजींपाशी फतकल मारून बसलं. आजी पाय पसरून टाचांना तेल लावत होत्या. कन्येने विचारलं, ‘या भेगेत रुपया उभा राहील?’ मी शरमेने अर्धी झाले. आजींनी मात्र कनवटीचं नाणं काढलं, भेगेत खोचून पाहिलं. राहिला की उभा! दोघी खिदळल्या. असलं काही वहीत घालू नये. ‘भक्तीचा महासागर पाहून मन भारावून गेले’ ही ओळ घालावी. पाठ करून ठेवा, चौथीतही चालते.

शाळेची दिंडी हे वेगळं प्रकरण आहे. तिथे विठ्ठल कोण होणार, यावर पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर जे चालतं त्यापुढे महापालिकेच्या निवडणुका सौम्य. तुमच्या घरी विठ्ठल आला नाही तर खचून जाऊ नका. यंदा आमच्या वर्गाचा विठ्ठल बुटाच्या खोक्याची वीट करून कमरेवर हात ठेवून उभा होता आणि पंचविसाव्या मिनिटाला त्याला शू लागली. बाई म्हणाल्या, ‘थांब रे राजा, अजून ‘क’ तुकडीचे फोटो व्हायचेत.’ पंढरीचा अठ्ठावीस युगं उभा आहे; याची विटेवरून उडी पडली, मुकुट घरंगळला आणि भाड्याची नऊवारी सावरत रखुमाई त्याच्यामागे धावली. सगळी दिंडी टाळ वाजवत स्वच्छतागृहाकडे वळली, कारण बाईंनी ‘विठ्ठलामागे चला’ असंच सांगितलं होतं. वर्षभरात याहून मोठा सोहळा तिने पाहिला नसेल. आम्ही लिहिलं: ‘दिंडी शिस्तीत पार पडली.’

सहलीच्या आठवड्यात आकडे घाला. आकड्यांनी लिखाणाला वजन येतं. शनिवारवाड्याचा पाया 1730 साली थोरल्या बाजीरावांनी घातला, 1828 साली आगीत आतला वाडा गेला, हे दोन आकडे मी टाकले आणि खाली ‘माझी छाती अभिमानाने फुगली’ लिहिलं. मूळ मजकूर खोडावा लागला. तिने लिहिलं होतं, ‘दिल्ली दरवाज्याला हत्ती येऊ नये म्हणून मोठे खिळे आहेत. मी एकेचाळीसपर्यंत मोजले मग बाईंनी शिट्टी वाजवली. हत्तीला कळतं का खिळे आहेत.’ शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. खोडरबरही चांगल्यापैकी घ्या, स्वस्तातला कागद फाडतो.

आता प्रकल्प. वहीसोबत अधूनमधून ‘प्रतिकृती’ मागतात. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जायचं. गाडी लावायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका. एकाने उतरायचं, दुसऱ्याने बाजीराव रोडला घिरट्या घालायच्या, घटस्फोटाचं घरी येऊन ठरवायचं. दुकानात तुम्ही तोंड उघडायच्या आत काका विचारतात, ‘तिसरी का? मग जलचक्र.’ आणि फळीवरून तयार जलचक्र खाली येतं. ढगाला कापूस, नदीला निळा मार्बल पेपर, बुडाला थर्माकोल. राज्यात 2018 साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा ‘पर्यावरण वाचवा’चा प्रकल्प थर्माकोलवर करणं बरं दिसेल का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मग वरून ब्राउन पेपर चिकटवा.’ पुण्यातला दुकानदार एरवी गिऱ्हाइकाशी एवढं बोलतही नाही.

सोसायटीच्या गणपतीबद्दल काय सांगायचं? चित्रकला स्पर्धेत सगळ्यांना तोच स्टीलचा डबा मिळतो. लोकमान्यांचं नाव आणि 1893 लिहा, आठवडा निघून जातो.

दिवाळीच्या किल्ल्याला मात्र वेळ द्या, म्हणजे पैसे द्या. प्लॅस्टरचा तयार रायगड मिळतो, फक्त मांडायचा. मुलाला मातीत हात घालू दिलात तर ते बागेतली माती उकरतं आणि जिन्यात फलक लागतो: ‘सोसायटीची माती ही सोसायटीची आहे. – हुकमावरून’. आमच्याकडे तरी पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून किल्ला झालाच. कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांत एक गवळण आली होती. कन्येने तिला गडाच्या दारावर पहाऱ्याला ठेवलं, ‘हिला रात्री झोप येत नाही’ म्हणून. चौथ्या दिवशी अळीव उगवून गवळण गळ्यापर्यंत बुडाली, तर पोरगी रोज सकाळी दात न घासता तिला शोधायला जाई. फोटो अर्थात आम्ही शेजाऱ्यांच्या रायगडाचा चिकटवला.

जानेवारीत 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती. इथे घाई करू नका. आमच्या वर्गात सहा सावित्रीबाई होत्या आणि त्यांच्यावर शेण टाकणारे सनातनी अकरा, कारण मुलांना ती भूमिका फार आवडली. शेण म्हणजे तपकिरी कागदाचे बोळे. ‘मुलींची शाळा 1848 साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात सुरू झाली’ असं लिहिता लिहिता लक्षात आलं की, दगडूशेठला मी लहानपणापासून येते-जाते. समोरचा भिडेवाडा मात्र कधी नीट पाहिला नाही. 2023 च्या डिसेंबरात तो पाडला, तेव्हा बातमीतल्या फोटोत पाहिला. कन्येला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘मला एक बोळा डोळ्याला लागला. पण मी चालत राहिले, कारण तसंच करायचं होतं.’ हे वाक्य ठेवावं की काय, असं क्षणभर वाटलं. पण दहा ओळी भरल्या होत्या.

शेवटची सूचना माझ्या चुकीतून आलेली आहे. फेब्रुवारीत मला ताप आला, नवरा बाहेरगावी आणि वही तशीच शाळेत गेली. संध्याकाळी उघडून पाहिली. वाकड्या अक्षरात पाच ओळी:

‘सोमवार ते शनिवार शाळा होती. दर रविवारी आई माझा आठवडा लिहिते. मी बाजूला बसून चुरमुरे खाते. मधे मधे आई विचारते अभिमान वाटला लिहू का. या रविवारी आई झोपली होती म्हणून मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवली.’

खाली लाल शाईत शेरा होता: ‘विषयाला धरून नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’

तेव्हापासून वही आम्ही कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो. तिथे तिचा हात पोचत नाही.