'खेळण्यातली दुर्बीण' या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आकाशाचे फोटो काढायची तुमची रात्र वाया गेली याचं वाईट वाटतं, दिलगीर आहोत. पण "१,८०० रुपये भाडं घेऊन खेळण्यातली दुर्बीण दिली, चारही कोपऱ्यांत तारे लांबट, रोझेट नेब्युला नावालाही लाल नाही" हे वाचून नवीन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

कोपऱ्यांचं आधी. ही ६० मि.मी.ची एफ/६ ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या काचेची) रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ ३६० मि.मी. अशा छोट्या रिफ्रॅक्टरची प्रतिमा कडेला वळते, म्हणून ती सपाट करायला मागे फ्लॅटनर नावाचं भिंग लावतात. फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंत बरोबर ५५ मि.मी. अंतर लागतं. तुमच्या सोनी मिररलेसमध्ये माउंट ते सेन्सर १८ मि.मी. उरलेले ३७ भरायला आम्ही पातळ टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) आणि एक जाड काळी नळी देतो. किट परत आलं तेव्हा ती नळी पाकिटातच होती, वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. नळीशिवायही फोकस होतो, मधले तारे टोकदार येतात, त्यामुळे जागेवर काही कळत नाही.

तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेर ओढलेले आहेत, ही अंतर कमी पडल्याची खूण. ट्रॅकिंग (सरकणाऱ्या ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणं) चुकलं असतं तर सगळ्या फोटोभर तारे एकाच दिशेला लांबले असते. तसं नाही, म्हणजे तुमचं पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) उत्तम होतं. पुण्यातून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर, तोही बिल्डिंगांमागे, तरी जमवलंत. आणि भिंग हलक्या प्रतीचं असतं तर ठळक ताऱ्यांना जांभळी झालर दिसली असती. आहे का कुठे? मग 'खेळणं' कशाला म्हणायचं?

लाल रंगाचं म्हणाल तर कॅमेरा तुमचा होता. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची फिल्टर काच नेब्युलातल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. त्यात शहरातली गच्ची, शुद्ध दशमीचा चंद्र, आणि ६० सेकंदांच्या फक्त २० फ्रेम्स, म्हणजे २० मिनिटं. रोझेटला अंधाऱ्या आकाशाखालीसुद्धा निदान २ तास हवेत. वेळ सहापट केला की स्टॅकिंगनंतर (सगळ्या फ्रेम्स एकत्र केल्यावर) फोटोतले दाणे साधारण अडीचपट कमी होतात. मृगातला एम ४२ हा ठळक नेब्युला घ्या असं फोनवर सुचवलं होतं. तो २० मिनिटांतही छान येतो, फक्त गाभा जळू नये म्हणून ५-१० सेकंदांच्या काही फ्रेम्स वेगळ्या घ्यायच्या. रोझेटच हवी म्हणालात, आम्ही अडवलं नाही.

भाड्यात ट्रॅकर, ट्रायपॉड, फ्लॅटनर, बाख्तिनोव्ह मास्क (फोकस तपासायची जाळी) सगळं येतं, हेही वाचणाऱ्यांना कळावं.

यापुढे नळीवर चिठ्ठी लावू. मराठी माहितीपत्रकाचंही डोक्यात आहे, बघू कसं जमतं. अमावास्येच्या आसपास या, अर्ध्या भाड्यात किट देतो, कॅमेरा दुकानातच जोडून बघू. येताना टी-रिंग तेवढी आणा, ती तुमच्या कॅमेऱ्यालाच राहिली आहे.