पासवर्डची वही की पासवर्डची तिजोरी?

ठाण्यात तलावपाळीवर, गडकरी रंगायतनजवळच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते बापूंच्या वहीवरून. तळहाताएवढी वही, वर रबर. वीजबिल, आयकर, पीएफ, रेल्वे, गॅस अशा ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन-तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला पासवर्ड. मन्या म्हणाला, "बापू, ही आजच फाडा आणि पासवर्ड मॅनेजर घ्या. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवून साइटवर आपोआप भरणारं ॲप."

"माझी वही चोरायला चोराला आधी ठाण्यात यावं लागेल," बापू म्हणाले. "तुझ्या मॅनेजरवर जगात कुठूनही हात मारता येतो."

यात बापूंचं खरं आहे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवून तो वहीत लिहिणारा माणूस, एकच पासवर्ड पाठ करून सगळीकडे वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. दुखणं वहीत नव्हतं, वहीतल्या पासवर्डांत होतं. सगळे एकाच घरातले: तेच नाव, मध्ये ॲट (@), शेवटी साल बदललेलं. ताईंनी तिथेच बोट ठेवलं. "पहिलं अक्षर मोठं, एच्या जागी ॲट, शेवटी साल किंवा पिनकोड, हे सगळे फेरफार पासवर्ड फोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नियम म्हणून असतात. आणि एका ठिकाणचा फुटला की तीच नाव-पासवर्डाची जोडी बाकीच्या साइटवर आपोआप लावून बघतात. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरीला गेलेल्या पासवर्डांपैकी ११ कोटींहून जास्त २०१६ साली विक्रीला आले होते. चार वर्षांनीसुद्धा ज्यांनी तोच पासवर्ड दुसरीकडे ठेवला होता, त्यांचं दार उघडंच."

बापूंनी पुढचा मुद्दा काढला. "मग लास्टपासचं काय? तोही पासवर्ड मॅनेजरच, आणि तिथे तर अख्खी तिजोरीच गेली."

गेली, २०२२ मध्ये. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या साइटचे ते पत्ते उघडे होते. प्रत हातात आल्यावर चोर घरी बसून कितीही वेळा अंदाज लावू शकतो, 'पाच वेळा चुकलात, खातं बंद' असं म्हणणारं तिथे कोणी नसतं. म्हणजे सगळा भार मास्टर पासवर्डवर, तिजोरी उघडणाऱ्या त्या एका पासवर्डवर. बिटवॉर्डनसारखा मॅनेजर प्रत्येक अंदाजामागे ६ लाख फेऱ्यांचं गणित करायला लावतो, त्यामुळे चोराचा वेग पडतो. पण मास्टर पासवर्डच मुलीचं नाव आणि जन्मसाल असेल तर त्या फेऱ्यांचाही उपयोग नाही. ज्याला दुसऱ्याच्या सर्व्हरवर काहीच नको, त्याने कीपासएक्ससी हा मॅनेजर घ्यावा. तिजोरी म्हणजे आपल्याच संगणकावरची एक फाइल. मात्र तिची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणं ही जबाबदारी आपली, आणि तिथेच बहुतेक लोक कमी पडतात.

मास्टर पासवर्ड कसा काढायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मन्या म्हणाला, एखादी अभंगाची ओळ घ्या. ताईंना ते मुळीच पटलं नाही. जे छापलेलं आहे ते अंदाजाच्या यादीतही असू शकतं. शब्द आपण निवडायचेच नाहीत, फाशाने निवडायचे. सापशिडीचा एक फासा आणि निदान २१६ पानांचा मराठी शब्दकोश घ्या. एका शब्दासाठी पाच वेळा फेका. पहिल्या तीन आकड्यांवरून पान, उरलेल्या दोनांवरून त्या पानावरचा शब्द. समजा ३, ५, २ पडले. पहिल्यातून एक वजा करून ३६ ने गुणा, ७२. दुसऱ्यातून एक वजा करून ६ ने गुणा, २४. तिसरा तसाच, २. बेरीज ९८, हे झालं पान. मग ४ आणि १ पडले तर ३ गुणिले ६ अधिक १, म्हणजे १९ वा शब्द. असे ७७७६ (२१६ पानं गुणिले ३६) शब्दांतून पाच शब्द काढले की शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फेकायचं नाही. आवडनिवड आली की हे गणित कोसळतं.

"देवनागरीतच ठेवतो मग," बापू म्हणाले. तेही नको. 'ऱ्हास'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, यंत्राला वेगळा. फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चुकीचा ठरेल. रोमन लिपीत लिहा, सगळी छोटी अक्षरं, मध्ये रेघ, आणि दीर्घ स्वराला एक ए की दोन हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

मॅनेजरचा एक फायदा वहीला कधीच देता येणार नाही, तो म्हणजे पत्ता ओळखण्याचा. 'आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज आला, लिंक उघडली, पान हुबेहूब. माणूस फसतो. मॅनेजर मात्र पासवर्ड पुढे करत नाही, कारण पत्ता जुळत नाही. घोटाळा होतो तो त्यानंतर: लोक वैतागून पासवर्ड कॉपी करून स्वतः चिकटवतात. मॅनेजर गप्प बसला की हात थांबवायचा आणि पत्ता स्वतः टाइप करून साइट उघडायची.

सगळी खाती एका रात्रीत बदलायला जाऊ नका. आधी ई-मेल, कारण बाकी सगळ्यांचं 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतं. मग बँका. उरलेली जसजशी उघडाल तसतशी. नवा पासवर्ड ठेवला की लगेच बाहेर पडून पुन्हा आत शिरून बघा, कारण काही साइट २० अक्षरं घेतात आणि न सांगता शेवटची कापतात. ब्राउझरमधून पासवर्ड बाहेर काढलेत तर त्याची साधी, कुलूप नसलेली फाइल डाउनलोडमध्ये पडून राहते. ती मिटवा, कचरापेटीतूनही.

"आणि फोनच हरवला तर?" बापूंचा हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ई-मेलचा पासवर्ड तिजोरीत, तिजोरीचा कोड ई-मेलवर, म्हणजे किल्ली आत आणि दार बंद. ओटीपीचं जुनं प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणून एक कागद लागतोच, हे मन्यालाही मान्य करावं लागलं. त्यावर मास्टर पासवर्ड, ई-मेलचा पासवर्ड आणि फोन हाताशी नसताना आत जायला गुगल देतं ते १० बॅकअप कोड, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. यूपीआय पिन त्यावर नको. कागद पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर.

पाकीट बंद करण्याआधी मुलाला किंवा बायकोला दुसरा फोन द्या आणि फक्त त्या कागदावरून आत जायला सांगा. आपण शेजारी बसायचं, बोलायचं नाही. जिथे ते अडतील ती ओळ कागदावर लिहायची राहिलेली असते.