अणुभट्ट्यांपलीकडचं बीएआरसी

तुमच्या लेखात बीएआरसीच्या, म्हणजे मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, अणुभट्ट्यांचा इतिहास छान आलाय. १९५६ची अप्सरा, १९८५ची ध्रुव, सगळं आहे. पण सामान्य माणसाला याचा काय उपयोग, हा प्रश्न लेखकाने दोन ओळींत उरकलाय, ते खटकलं. थायरॉइडच्या रुग्णांना देतात ते किरणोत्सारी आयोडीन-१३१ ध्रुवमध्ये बनतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा वेळ, जेमतेम ८ दिवस. म्हणजे गोदामात साठवायची सोयच नाही. वाशीला ब्रिटमध्ये (अणुऊर्जा विभागाची किरणोत्सारी औषधं पुरवणारी संस्था) प्रक्रिया झाली की घाईघाईने रुग्णालयांकडे रवाना. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही बीएआरसीचंच, हे कित्येक मुंबईकरांच्या गावीही नसतं!

शेतीचं म्हणाल तर टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण बीएआरसीच्या ट्रॉम्बे आणि अकोल्याच्या नावाचाच (टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला). लासलगावला २००२पासून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करणारं केंद्र आहे. त्याने कोंब फुटत नाहीत, पण सड काही थांबत नाही. त्यासाठी शीतगृह लागतंच. माझ्या मते घोडं अडतं ते इथे, साठवणुकीत, प्रयोगशाळेत नव्हे. पुढच्या भागात ध्रुवच्या घुमटाऐवजी लासलगावच्या कांदाचाळींचे फोटो टाका.