मेटफॉर्मिनने आयुष्य वाढतं? जरा तपासून पाहू

‘मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी प्राण्यांचं आयुष्य वाढवते हे सिद्ध झालंय, त्यामुळे निरोगी माणसांनीही ती घ्यावी,’ असा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘उंदरांत सिद्ध झालंय.’ दाखला असतो तो २०१३ च्या प्रयोगाचा. मध्यमवयीन नर उंदरांना खाद्यातून ०.१ टक्का मेटफॉर्मिन दिलं आणि त्यांचं सरासरी आयुष्य जवळपास ६ टक्क्यांनी वाढलं. त्याच प्रयोगात १ टक्का दिलेले उंदीर लवकर मेले, हे मात्र पुढे पाठवताना गळून पडतं! अमेरिकेतल्या ‘इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम’मध्ये एकच औषध तीन प्रयोगशाळांत, जनुकीयदृष्ट्या मिश्र उंदरांवर तपासतात. तिथल्या २०१६ च्या निकालात नुसत्या मेटफॉर्मिनने आयुष्यात ठोस वाढ दिसली नाही, ना नरांत ना माद्यांत.

‘साखर सुधारली की आयुष्य वाढणारच.’ पटकन पटतं, पण याच कार्यक्रमातले निकाल वेगळं सांगतात. रॅपामायसिन हे अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध २००९ मध्ये तपासलं, तेही ६०० दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांवर. नर आणि माद्या दोघंही जास्त जगले. पण हेच औषध उंदरांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडवतं. उलट उदाहरण कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. उपाशीपोटीची साखर नर-माद्या दोघांतही उतरली, आयुष्य मात्र फक्त नरांचं वाढलं. माद्यांना चांगल्या साखरेचा फायदा का मिळाला नाही, याचं उत्तर या दाव्यात कुठेच नाही. चयापचय आणि आयुर्मान या दोन गोष्टी वेगवेगळ्याच मोजाव्या लागतात.

‘आता माकडांतही दिसलं.’ २०२४ च्या त्या अभ्यासात मोजक्या नर माकडांना ४० महिने मेटफॉर्मिन दिलं. मेंदूसह काही अवयवांत वार्धक्याच्या खुणा कमी झाल्या, हे खरंच लक्षवेधी आहे. पण माकडं जास्त जगली का, हे त्यात मोजलेलंच नाही.

‘घेतली तर बिघडतं काय?’ दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. शिवाय २०१९ मध्ये पासष्टीपुढच्या निरोगी लोकांकडून १४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले.