डॉक्टर काका, तुमच्या ‘आमच्या वेळी’ला माझं उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आम्ही ३६-३६ तास उभे राहिलो, कोणाला बर्नआउट झालं नाही, आताच्या पोरांना कष्ट नकोत, आणि ड्युटी कमी केली तर शिकणार कधी, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही म्हापशात इतकी वर्षं पेशंट बघताय, राग नाही आला, पण गप्प पण बसवेना.

रात्री कॅज्युअल्टीत उभं राहिल्याशिवाय मेडिसिन येत नाही हे मान्यच. पण माझ्या जेआर-वनच्या, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाच्या, रात्री (रेसिडेन्सी गोव्याबाहेर केली, कॉलेजचं नाव नको) कशात गेल्या सांगू? सॅम्पल घेऊन लॅबला पळणं, ब्लड बँकेतून पिशवी आणणं, वॉर्डबॉय नसला की ट्रॉली ढकलणं आणि राउंडच्या आधी सगळे रिपोर्ट फाइलींत उतरवणं. यातून कुठलं मेडिसिन शिकले मी? त्या कामाला एक माणूस नेमला असता तर तेवढा वेळ पेशंटजवळ बसले असते.

आणि नुसता थकवा असता तर झोपून गेला असता हो. चवथीला दोन दिवस घरी आले, आई गणपतीवर फळांची माटोळी बांधत होती आणि मी फक्त झोपले. परत गेल्यावर तिसऱ्या पहाटे वॉर्डातल्या एक आजी गेल्या, मालवणकडच्या, आठ दिवस माझ्याकडेच होत्या, रोज मलाच विचारायच्या, “जेवलीस गो?” आणि त्या गेल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं तर, चला, बेड मोकळा झाला. मुलगा समोर रडत होता आणि मी घड्याळ बघत होते. डब्ल्यूएचओ बर्नआउट म्हणतं त्यात दमणुकीसोबत हेच आहे, कामावरून मन उडणं. मला आजही त्या मुलाचा चेहरा आठवतो.

बरं, हे आताच्या पोरांचं खूळ पण नाही. सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांवर नको, आठवड्याला ४८ तास, एक सुट्टी, हे केंद्राच्या आरोग्य खात्याने १९९२ मध्येच लिहून दिलंय. २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, माझ्या ज्युनियर्सना तेवढंही मिळत नाही. २४ तास जागा माणूस रक्तात ०.१० टक्के दारू असल्यासारखा चुकतो, असं अभ्यासात दिसलंय, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. त्या अवस्थेत आम्ही सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) टाकतो, इन्सुलिनचे डोस लिहितो, मग पेशंटचं काय हो?

तुमचा नातू यंदा पीजीला लागलाय म्हणालात. त्याला फोन कराल तेव्हा किती केसेस बघितल्यास हे नंतर विचारा, आधी शेवटचा कधी झोपलास ते विचारा. आणि तो चिडला किंवा बोललाच नाही तर तिथे सोडून देऊ नका, त्याच्याकडे जाऊन या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण देऊन ठेवा, मोफत आहे आणि रात्री पण चालू असतो.