रुंदीकरणात गेलेले दात

"पेशंट कुठाय?" रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या पाठीमागे डोकावत विचारलं. पाठीमागे कोणी नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी दातांना तारा लावायला बाई स्वतःच येते, हे पचल्यावर तिने आत हाक मारली, "सर, तारवाल्या मावशी आल्यात." मावशी! मंगळवारची गोष्ट आहे, अजून डोक्यात आहे.

आत निकाल तयारच होता. जबड्यात दाटी, जागा करायला चार दात काढायचे: चौदा, चोवीस, चौतीस, चव्वेचाळीस. मला वाटलं हप्ते सांगताहेत. निघाले दातांचे नंबर: पहिला अंक जबड्याचा कोपरा, दुसरा मधून मोजत गेल्यावर येणारा चौथा दात. म्हणजे सुळ्यांमागच्या चार लहान दाढा. चारही ठणठणीत.

"त्यापेक्षा खालची ती रूट कॅनलवाली दाढ काढा की!"

काढता येईल म्हणाले, पण तिथली जागा भरून यायला जास्त महिने लागणार. शिवाय गेल्याच वर्षी तिच्यावर आठ हजारांची कॅप बसवलीय. "बाहेर बसून ठरवा," म्हणाले. जणू वांगी निवडायची होती.

बाहेर एक काका बसले होते. टोचते म्हणून त्यांची कवळी घासायला आत नेली होती; दात आत, मालक बाहेर. त्यांनी न विचारता माझा एक्स-रे घेतला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. उलटा.

"मंजूर नकाशा आहे का?"

काका महापालिकेच्या नगररचना खात्यातून रिटायर झालेले. मी फिल्म सुलटी करून दिली.

"हा पुढे कोण आलाय?"

"सुळा."

"आणि पाडायचा कोण?"

"त्याच्या मागचा."

"त्याचं काय बाहेर आलंय?"

"काहीच नाही. तो रेषेत आहे."

"मग बरोबर," काका समाधानाने म्हणाले. "आधी कोण आलं?"

हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. वरची ती लहान दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी येते, सुळा बहुतेक तिच्यानंतर, अकराव्या-बाराव्या. येईतो जागा संपलेली, म्हणून तो हिरडीवरच ठाण मांडतो.

"म्हणजे जुन्या भाडेकरूला बाहेर काढायचं, आणि मागाहून येऊन ओटा पुढे घेणाऱ्याला नियमित करायचं! मग सुळाच का काढत नाहीत?"

"त्याचं मूळ सगळ्यांत लांब असतं म्हणे. वरपर्यंत गेलेलं."

काका बोळक्या तोंडाने इतके हसले की समोरचं तारवालं पोरगं मोबाइलमधून वर बघायला लागलं. "आमच्याकडंही ताई, ज्याचं मूळ वरपर्यंत, त्याला हात लावत नसत!"

मला हसू आलं नाही. आमच्या गल्लीच्या रुंदीकरणात घराच्या दोन पायऱ्या गेल्या. आता आई दार उघडून एक पाय हवेत ठेवून विचार करते. कोपऱ्यावरचं वडापावचं दुकान मात्र होतं तिथंच आहे, आणि रुंद झालेल्या रस्त्यावर त्याच्याच गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली. तक्रार केली तर पोचपावती मिळाली. छान छापलेली.

तेवढ्यात कवळी आली. काकांनी ती बसवली, दोनदा टकटक वाजवून पाहिली आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "चार सारखेच काढा. एका बाजूला सूट दिली की उद्या दुसरी बाजू कोर्टात जाते." डॉक्टरांनी मिडलाइन, सिमेट्री असलं बरंच समजावलं होतं, मला समजलं ते हे.

उजवीकडचे दोन शुक्रवारी काढले. डावीकडचे पुढच्या आठवड्यात, मधल्या काळात चावायला एक बाजू हवी म्हणून. दात काढायचे पैसे तारांच्या पॅकेजमध्ये नाहीत, हे इंजेक्शन दिल्यावर कळलं. तेव्हा तोंडात कापूस होता आणि ओठ कुठे आहे ते समजत नव्हतं, त्यामुळे माझी हरकत "हं" अशी नोंदली गेली.

बाहेर पडताना काका भेटले. कवळी पुन्हा टोचत होती. "पडले का? मोबदला?"

मी बाराशे गुणिले दोनची पावती दाखवली.

"भरायचा?" काका म्हणाले आणि पावती ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ बघत राहिले.